अपग्रेड चालू असताना लाइट गेली, आता पॅकेजेस अडकलीत

तासगाव_बेदाणा
तासगावजवळ आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. ऑफिसात एकच कॉम्प्युटर. आवक-जावकीची नोंद आणि बॉक्सवरची लेबलं, सगळं त्यावरच. त्यातल्या उबुंटू ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०.०४ आवृत्तीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला हे माहीत होतं, पण चालतंय ते कशाला हलवा म्हणून थांबलो होतो. काल रात्री २२.०४ चं अपग्रेड लावलं आणि निम्म्यात लाइट गेली. यूपीएसनं दहा मिनिटंही साथ दिली नाही. आता काळ्या स्क्रीनवर लॉगिन येतं, डेस्कटॉप नाही. ॲप्टला (सॉफ्टवेअर बसवणारी कमांड) काहीही सांगितलं की 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड'. डेटाची कॉपी वेगळ्या डिस्कवर आहे. परवा सौदा आहे. फॉरमॅट मारावं लागेल का?

सातारा_टर्मिनल
फॉरमॅट अजिबात नको. डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या खाली पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्रॅम. तो पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) आधी उलगडून ठेवतो, मग कॉन्फिगर करतो. तुमची लाइट या दोन्हींच्या मधेच गेलीय. कुठलं पॅकेज कुठवर आलंय याची नोंद त्याच्याकडं असते, त्यामुळं तिथनंच पुढं जाता येतं. आधी मशीन इन्व्हर्टरवर लावा. मग याच क्रमानं:
सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड
शेवटच्या कमांडला 'वाय' दाबण्याआधी कुठली पॅकेजेस काढली जाणार ती यादी पूर्ण वाचा. फुल-अपग्रेड अडचण सोडवायला पॅकेज काढूनही टाकतं. मी एकदा न वाचता होकार दिला आणि अख्खा डेस्कटॉप गेला. यादीत 'उबुंटू-डेस्कटॉप' दिसलं तर थांबा आणि इथं लिहा.

तासगाव_बेदाणा
दादा, डेस्कटॉप आला! पहिल्या कमांडलाच वीस मिनिटं लागली. पण लेबल प्रिंटर चालेना, म्हणून त्याचं सॉफ्टवेअर काढलं, ऑटोरिमूव्ह केलं (न लागणारी पॅकेजेस काढली) आणि त्याची जुनी डेब फाइल (इन्स्टॉल करायची फाइल) परत टाकायला गेलो. ते 'लिबएसएसएल१.१' मागतंय आणि ॲप्ट म्हणतंय मिळत नाही. नेटवर तिची २०.०४ ची फाइल सापडलीय. टाकू का?

सातारा_टर्मिनल
टाकली तर बहुतेक चालेल, पण मी टाकणार नाही. लिबएसएसएल१.१ ही ओपनएसएसएल १.१.१ या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरची लायब्ररी. २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आहे. १.१.१ चा मूळ सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच संपला. हातानं टाकलेल्या त्या लायब्ररीला २२.०४ च्या रिपॉझिटरीतून (पॅकेजेसच्या अधिकृत साठ्यातून) एकही अपडेट येणार नाही. चार महिन्यांनी ती तिथं आहे हेच विसरून जाल, आणि सुरक्षेचं काम करणारी लायब्ररी अशी सोडायची नसते. आधी कप्समध्ये (उबुंटूची छपाईची यंत्रणा) प्रिंटर नव्यानं जोडून बघा. झीब्रा आणि डायमो पद्धतीच्या लेबल प्रिंटरचे ड्रायव्हर त्यात असतात. कंपनीचं सॉफ्टवेअर लागेलच असं नाही.

मिरज_सर्व्हर
वरचं बरोबर आहे. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की दीड-दोन वर्षांचं एकदम करू नका. दर शनिवारी ऑफिस बंद करताना 'ॲप्ट अपडेट', मग 'ॲप्ट अपग्रेड'. नुसतं अपग्रेड बसवलेलं पॅकेज काढत नाही, त्यामुळं धोका कमी. आठवड्याला पाच-दहा पॅकेजेस बदलतात, काही बिघडलं तर कशामुळं ते लगेच कळतं. वेगळं बूट पार्टिशन असेल तर तिथली जागाही बघा, जुन्या कर्नलनी (सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी) ते भरलं की अपडेट अडतं. २२.०४ ला २०२७ पर्यंत वेळ आहे, २४.०४ ला निवांत जा.

तासगाव_बेदाणा
कप्समधल्या झीब्राच्या ड्रायव्हरवर प्रिंटर चालला. आकार मिलिमीटरमध्ये हातानं द्यावा लागला. तीनशे लेबलं काढून ठेवली. यूपीएसची बॅटरी सकाळीच बदलायला दिलीय.