मदत हवी आहे: वाळवंटात तबल्याची पुडी कशी जपायची?

नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर आम्ही दोघं आरव्हीतच (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीत) राहतो. सध्या मुक्काम ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ. सरकारी जमिनीवर परवाना काढून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येतं. वीजजोडणी नाही, सगळं सोलरवर. ह्यांना दगड गोळा करायचा नाद लागलाय. सिंकखाली दोन बादल्या भरल्यात, चहाची भांडी ठेवायला जागा नाही!

माझा विरंगुळा तबला. ओरेगॉनच्या दमट किनाऱ्यावर पुडी (तबल्याच्या तोंडावरचं कातडं) सारखी उतरायची, म्हणजे स्वर खाली जायचा; हातोडीने गट्टे (चामडी पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून काळी एक या स्वराला आणायचे. इथल्या कोरड्या हवेत उलटंच: सकाळी लावलेला तबला दुपारी चढलेला. गेल्या आठवड्यात गाडी चालू असताना फट्‌ असा आवाज आला. थांबून बघते तर पुडी शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेपासून चाटीपर्यंत (बाहेरच्या काठापर्यंत) उभी फाटलेली. शिल्लक एकच.

प्रवासात गट्टे वर सरकवून वादी (पुडी ताणणारी चामडी पट्टी) ढिली ठेवावी का? गिटारवाले केसमध्ये ओलाव्याची पाकिटं ठेवतात, ती तबल्याला चालतील की शाई सुटेल? सिंथेटिक पुडी कुणी वापरली आहे का? नाद कसा येतो, खरं सांगा. डग्ग्याचं (डाव्या हाताच्या जोडवाद्याचं) अजून ठीक आहे.