बायसन जीएलआर: '%डीप्रेक' देऊनही 'सिन्टॅक्स इज ॲम्बिग्युअस'

प्रश्न
बायसनसाठी (व्याकरणावरून पार्सर, म्हणजे इनपुटची रचना ओळखणारा प्रोग्राम, बनवणारं साधन) वजाबाकीचं छोटं व्याकरण आहे: पदावली म्हणजे 'पदावली - पदावली' किंवा नुसती संख्या. वर '%जीएलआर-पार्सर' दिलंय, म्हणजे एकाहून जास्त रचना शक्य असतील तर पार्सर फाटे फोडून सगळ्या तपासतो. टर्मिनलवर

इको "७-२-१" | ./गणित

चालवलं की पार्सर 'सिन्टॅक्स इज ॲम्बिग्युअस' (रचना संदिग्ध आहे) म्हणून थांबतो. "७-२" ला बरोबर ५ येतात. वजाबाकीच्या नियमाला '%डीप्रेक २' आणि संख्येच्या नियमाला '%डीप्रेक १' लावून पाहिलं, काही फरक नाही. कुठे अडतंय?

उत्तर १
'%डीप्रेक' दोन वेगळ्या नियमांत निवड करतं. तुमच्या इनपुटची दोन झाडं (दोन रचना) निघतात आणि दोन्हींच्या मुळाशी एकच नियम आहे, म्हणजे अग्रक्रमही एकच, मग निवडणार कसं?

डोळ्यांनी बघायचं तर बायसन '-टी -व्ही' देऊन परत चालवा, कंपाइल करा आणि तेच इनपुट द्या. एररच्या आधी 'ऑप्शन १' आणि 'ऑप्शन २' अशी दोन झाडं छापली जातील. हे सगळं एरर स्ट्रीमवर येतं, म्हणून लेसमध्ये (पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) वाचायचं असेल तर '२>&१' विसरू नका. दोन्हीकडे बाहेरचा नियम टोकन (इनपुटचे सुटे घटक) १ ते ५ व्यापतो. आतली वजाबाकी एकात १ ते ३ आहे, म्हणजे (७-२)-१ = ४; दुसऱ्यात ३ ते ५, म्हणजे ७-(२-१) = ६. नियमांचे क्रमांक '-व्ही'ने बनलेल्या आउटपुट फाइलशी जुळतात.

उपाय एका ओळीचा: '%लेफ्ट' मध्ये वजाचं चिन्ह, म्हणजे वजाबाकी डावीकडून होते. पार्सरचा तक्ता बनतानाच दोन रचनांमधला संघर्ष मिटतो, त्यामुळे जीएलआरला फाटे फोडावेच लागत नाहीत.

उत्तर २
इनपुट देण्याआधीच '-डब्ल्यूकाउंटरएक्झाम्पल्स' लावून बायसन चालवत जा. एकाच उदाहरणाच्या दोन व्युत्पत्ती दाखवल्या तर व्याकरण खरोखर संदिग्ध आहे. 'फर्स्ट' आणि 'सेकंड' अशी दोन वेगळी उदाहरणं आली, तर कदाचित फक्त पुढचं एक टोकन पुरत नसेल. ही सोय ३.७ पासून आहे. मॅकवर एक्सकोडसोबत येणारं बायसन २.३ आहे, त्यात मिळणार नाही. होमब्रूचं (मॅकवर प्रोग्राम घालायच्या साधनाचं) घातलं तरी पाथ स्वतः बदलावा लागतो.

आणि '%जीएलआर-पार्सर' काढून प्रश्न सुटला असं मुळीच समजू नका. साधा पार्सर शिफ्ट (पुढचं टोकन आधी घेणं) निवडतो आणि निमूटपणे ६ देतो. चुकीच्या उत्तरापेक्षा ही एरर शंभरदा बरी.

प्रश्नकर्ता
'%लेफ्ट'ने ४ आले, धन्यवाद. मग '%डीप्रेक' वापरायचं कधी? आणि दोन्ही झाडं ठेवायची असतील तर?

उत्तर १
सी++ मधलं 'टी (एक्स) = वाय + झेड;' घ्या: घोषणाही होते, पदावलीचं विधानही. तिथे नियम दोन आहेत. दोन्हींना '%डीप्रेक' द्या. मोठा आकडा जिंकतो. एकालाच दिलं तर तीच एरर परत येईल.

दोन्ही झाडं हवी असतील तर '%मर्ज' (दोन्ही निकाल फंक्शनने एकत्र करणं), आणि दोन्ही नियमांना तेच फंक्शन. ते जोडीजोडीने बोलावलं जातं, म्हणून आधीच एकत्र केलेला नोडही त्याला झेपला पाहिजे. '%लेफ्ट' नसेल तर चार संख्यांच्या वजाबाकीची ५ झाडं होतात, पाचांची १४. शिवाय फाटे फुटलेले असताना ॲक्शन (नियमांना जोडलेला कोड) लांबणीवर पडतात, त्यामुळे ॲक्शनमध्ये चिन्हतक्ता (नावांची नोंद) भरून लेक्सरने (टोकन पाडणाऱ्या भागाने) तो लगेच वाचावा अशी रचना जीएलआरमध्ये दगा देते.