आपातानी आजींना ‘कुरूप केलेल्या’ म्हणणं थांबवा

रानवाटा: अरुणाचलमधल्या झिरो खोऱ्यावरचा कुठलाही व्हिडिओ लावा, तीच कथा: शेजारच्या निशी टोळ्यांनी पळवू नये म्हणून तिथल्या आपातानी जमातीने आपल्या मुली मुद्दाम कुरूप केल्या. मला हे पटत नाही. दोन्ही नाकपुड्यांत वेताच्या काळ्या चकत्या, कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत निळसर रेघ, हनुवटीवर उभ्या रेघा, हे बायकांचं. पण पुरुषांच्याही हनुवटीवर गोंदण असायचं. त्यांना कोण पळवणार होतं? शिवाय ‘आमच्या वेळी याशिवाय पोरगी देखणी मानत नसत’ असं सांगणाऱ्या आजी तिथे आहेत.

शाल्मली: पुरुषांचा मुद्दा बिनतोड आहे. पण पळवापळवी काल्पनिक नव्हती. १९४४-४५ मध्ये तिथे काम केलेल्या मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी निशींचे हल्ले, खंडणीसाठी माणसं धरून नेणं, हे सगळं लिहून ठेवलंय. आणि वेदनेबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाही. काट्यांनी कातडी टोचायची, जखमेत डुकराच्या चरबीत कालवलेली काजळी भरायची, तेही लहान मुलीच्या चेहऱ्यावर. तिला कुणी विचारलं होतं का?

रानवाटा: नव्हतं विचारलं, आणि ते वाईटच. पण ते थांबवलं कुणी? १९७० च्या दशकात आपातानी तरुणांच्याच संघटनेने बंदी घातली, मोडणाऱ्याला दंड ठेवला. आज चकत्या दिसतात त्या म्हाताऱ्या बायकांच्याच नाकात.

कोयनाकाठ: बंदी का आली तेही सांगा ना. शिकायला, नोकरीला बाहेर पडलेल्या मुलांकडे लोक टक लावून बघायचे, हेही त्यामागे होतं. म्हणजे शरम बाहेरून आली. आमच्याकडे आजीच्या कपाळावरचं गोंदण बघून कुणी ‘कुरूप केलं’ म्हणत नाही. अशी बंदी मी राजीखुशीची मानणार नाही.

शाल्मली: कारण काहीही असो, पुढच्या मुलींचे चेहरे वाचले. मला तेवढं पुरे.

रानवाटा: मलाही बंदी नकोच होती असं नाही. माझं भांडण त्या कथेशी आहे. ती ऐकून आलेला पाहुणा न विचारता आजीच्या तोंडासमोर कॅमेरा धरतो.

शाल्मली: कॅमेऱ्याचं शंभर टक्के मान्य. पण पळवून नेण्याची कथा आपातानी घरांतूनही सांगतात. तिथला वाटाड्या स्वतः आपातानी असेल आणि तोच ती सांगत असेल, तर त्याला तुम्ही खोटं पाडणार का?