उद्योगपतींच्या समित्या नेमून राज्याची गाडी रुळावर येते का? कुणाला जवळून माहीत असेल तर सांगा

गाळा_नंबर_१४

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, वेळ काढून वाचा प्लीज.

भांडुपला एलबीएस रोडच्या आतल्या बाजूला आमचा गाळा आहे, बाबांनी १९८९ ला घेतलेला. दोन साधे लेथ, एक सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन), चार माणसं. बुश, पिना, स्पेसर असलं जॉबवर्क करतो. बाबांना अजून सवय आहे, सकाळी मशीन चालू करायच्या आधी उदबत्ती ओवाळणार आणि मग पहिला पीस हातात घेऊन नुसता अंगठा फिरवून सांगणार की "हा जास्त राहिलाय", आपण मायक्रोमीटर लावून बघायचं तर खरंच वीस मायक्रॉन जास्त असतो. हे मी मुद्दाम सांगतेय कारण आता आमची सगळी इस्टेट रीडेव्हलपमेंटला चाललीये, दर रविवारी मीटिंगा होतायत आणि घरात रोज हाच विषय आहे की जायचं कुठे. भाऊ म्हणतो वसई, बाबा म्हणतात सरळ गुजरातमधलं उंबरगाव, तिकडे वीज स्वस्त पडते आणि दोन ओळखीचे आधीच गेलेत. मला महाराष्ट्र सोडून जायचं नाहीये. पण नुसतं मनात असून पोट भरत नाही हेही कळतं.

तर प्रश्न असा. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वेदांता-फॉक्सकॉन तळेगावला येणार म्हणता म्हणता गुजरातला गेला (पुढच्या वर्षी फॉक्सकॉननेच त्यातून अंग काढून घेतलं ते वेगळं), लगेच ऑक्टोबरमध्ये टाटा-एअरबसचा विमानाचा प्रकल्प बडोद्याला. मग डिसेंबरमध्ये राज्याने आर्थिक सल्लागार परिषद नेमली, टाटा सन्सचे एन. चंद्रशेखरन अध्यक्ष, बाकी मोठमोठ्या उद्योगांमधली माणसं, आणि २०२८ पर्यंत एक ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था करायची असं टार्गेट. माणसं हुशार आहेत यात शंकाच नाही. पण इतक्या वरच्या लोकांनी एकत्र बसून एखाद्या राज्याची घडी खरंच बसवलीये असं कुठे झालंय का? आणि झालं असेल तर ते आमच्यासारख्या चार माणसांच्या गाळ्यापर्यंत पोचतं का?

जुना_बेलापूरकर

ताई, मी १९७४ ला ठाणे-बेलापूर पट्ट्यात कामाला लागलो, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा तीन पाळ्यांचे भोंगे वाजायचे आणि ठाण्याहून येणाऱ्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. आता त्याच रस्त्यावर काचेच्या इमारती आहेत, त्यातही हजारो पोरं कामाला जातात, नाही म्हणत नाही, पण आयटीआय झालेल्या फिटरला तिथे काम नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी उलटीकडून देतो. महाराष्ट्र झाला १९६० ला, एमआयडीसी आली १९६२ ला, वागळे इस्टेट त्याच काळातली, आणि १९६४ पासून मुंबई-पुण्याबाहेर कारखाना काढणाऱ्याला सवलती द्यायची योजना. तेव्हा एमआयडीसीने काय केलं, आधी जमीन घेतली, रस्ता टाकला, आणि पाणी! बदलापूरजवळचं बारवी धरण एमआयडीसीचं आहे हे आज किती जणांना माहितीये? कारखान्यांना पाणी लागणार म्हणून स्वतःचं धरण. उद्योजक मागून आले. म्हणजे धंदेवाल्याने सरकारला काय सांगायचं तर हेच, की बाबा पाणी दे, वीज दे, रस्ता दे, आणि सरकारने ते ऐकलं म्हणून पट्टा उभा राहिला.

मोठ्या लोकांनी बसून आराखडा करणं मुंबईला नवीन नाही. १९४४ चा बॉम्बे प्लॅन घ्या, जेआरडी, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास अशा आठ जणांनी केलेला, १५ वर्षांत माणशी उत्पन्न दुप्पट करायचं म्हणून १० हजार कोटींचा हिशेब मांडलेला. आणि अलीकडचं म्हणाल तर २००३ ला बॉम्बे फर्स्ट ही उद्योगांची संस्था आणि मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी यांनी व्हिजन मुंबई नावाचा आराखडा केला होता, २०१३ पर्यंत मुंबई जागतिक दर्जाची करायची होती. सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना त्यावर टास्क फोर्सही बसला. तेव्हा जे रस्ते-पूल-मेट्रो बोलले जात होते त्यातलं बरंचसं झालं, पण २०१३ पर्यंत नाही, अटल सेतू उघडला २०२४ च्या जानेवारीत. मला त्यात सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू, त्या चर्चांमध्ये मुंबईतल्या कारखान्यांना कुणी वाली नव्हता. १९८२ चा गिरणी संप झाला, अडीच लाख माणूस रस्त्यावर आला, त्यानंतर या शहरात कारखाना म्हणजे विकायची जागा हेच सगळ्यांच्या डोक्यात बसलं. तुमचा गाळा त्याच रांगेत उभा आहे.

वाळूजची_लेक

मी मूळची छत्रपती संभाजीनगरची, लग्नानंतर मुलुंडला. ताई तुम्ही विचारलंत कुठे झालंय का, तर आमच्याकडे झालंय, पण वरून नेमलेल्या समितीने नाही.

बजाज वाळूजला आलं ऐंशीच्या दशकात आणि त्याच्या मागे पार्ट बनवणारे छोटे छोटे उभे राहिले, माझे काका त्यातलेच, पत्र्याच्या शेडमध्ये एक प्रेस टाकून सुरुवात. २०१० मध्ये तिथल्या लोकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या ते तुम्ही सगळ्यांनी वाचलं असेल, साधारण ६५ कोटींचा सौदा. लोक त्याला श्रीमंतीचा देखावा म्हणतात आणि मला ते ऐकवत नाही, कारण त्यामागे राग होता, की आमचं शहर कुणाच्या खिजगणतीत नाही, इथे पैसा आहे, माणसं आहेत, हे जगाला दिसू दे. तीच माणसं सीएमआयए, मासिआ या तिथल्या उद्योजकांच्या संघटनांमधून विमानसेवेसाठी भांडली, शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीसाठी दिल्लीच्या खेपा घातल्या, आणि मराठवाडा ऑटो क्लस्टर उभं केलं, जिथे लहान कारखानदाराला स्वतः विकत घेता येणार नाही अशी मशीनं आणि टेस्टिंग भाड्याने वापरता येतं. २०२४ मध्ये टोयोटा-किर्लोस्करने तिथे कारखान्याचा करार केला, इलेक्ट्रिक स्कूटरवाल्या एथरनेही संभाजीनगरच निवडलं, ते काही आकाशातून पडलं नाही.

आणि तरी सगळं छान आहे असं अजिबात नाही. शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते माझ्या आईला विचारा, ड्रम भरून ठेवायचे हा तिच्या आयुष्याचा भाग झालाय.

पण फरक कुठे आहे ते बघा ना, त्या लोकांची घरं, पोरांच्या शाळा, कामगार सगळं त्याच गावात. गाव बुडालं तर तेही बुडणार.

हिशेबनीस

दोन गोष्टी सांगतो, लघुउद्योगांची खाती बघायचं काम करतो म्हणून.

पहिली, आकडा नीट समजून घ्या. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचा राज्यांवरचा पेपर आला होता, त्यात देशाच्या जीडीपीत महाराष्ट्राचा वाटा १३.३ टक्के आहे, जो २०१०-११ च्या आसपास १५ च्या वर होता. अजूनही सगळ्या राज्यांत पहिला. म्हणजे राज्य आटत नाहीये, बाकीचे आपल्यापेक्षा जोरात पळतायत. त्याच पेपरमध्ये पश्चिम बंगाल १९६०-६१ ला १०.५ टक्क्यांवर होता तो आता ५.६ वर आलाय. कलकत्त्याच्या माणसालाही एकेकाळी वाटलं असेल की आपल्याला काय होतंय. म्हणून काळजी करणं बरोबर आहे.

दुसरी, बेंगळुरूचं उदाहरण. १९९९ ला कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री एस. एम. कृष्णांनी बेंगळुरू अजेंडा टास्क फोर्स काढला, इन्फोसिसचे नंदन निलेकणी प्रमुख. शहरापुरता होता, राज्याचा नव्हता, पण शिकण्यासारखा आहे. महापालिकेची हिशेबाची पद्धत बदलली, घरपट्टी लोकांनी स्वतः मोजून भरायची अशी सोय आणली. आणि माझ्या मते खरी ताकद यात होती की ठराविक महिन्यांनी जाहीर सभा व्हायची, तिथे पालिका, पाणी, वीज, बस, टेलिफोन, पोलीस सगळ्यांनी उभं राहून लोकांसमोर सांगायचं, मागच्या वेळी काय कबूल केलं होतं आणि त्यातलं काय झालं. २००४ ला सरकार गेलं आणि ते सगळं बारगळलं. मुख्यमंत्र्यांच्या मर्जीवर उभं होतं, कायद्यात कुठे नव्हतं. आपल्याकडे अशी जाहीर सभा मी अजून पाहिली नाही. चंद्रशेखरन यांच्या परिषदेने काय सुचवलं, त्यातलं कुठलं कुठल्या खात्याकडे अडलंय, हे सहा महिन्यांनी सगळ्यांसमोर सांगा, एवढं जरी मागितलं तरी खूप होईल.

तुमचे पैसे वेळेवर येतात का हो ताई?

घाटकोपर_ते_सीप्झ

मला थोडं वेगळं वाटतं. मोठ्या लोकांनी लक्ष घातलं नाही तर मोठी कामं होतच नाहीत. पालघरचं वाढवण बंदर ७६ हजार कोटींच्या वरचं काम आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली, ते काय वाळूजच्या शेडमधून उभं राहणार आहे का? आणि त्याच बंदरातून उद्या गाळा नंबर १४ चा माल जाऊ शकतो. २०२५ च्या दावोसमध्ये राज्याने १५.७० लाख कोटींचे करार केले, त्यातले निम्मे जरी जमिनीवर उतरले तरी चित्र बदलेल. मोठा कारखाना आला की व्हेंडर आपोआप येतात.

वाळूजची_लेक

@घाटकोपर_ते_सीप्झ दादा, आपोआप येत नाहीत हो. कंपनी म्हणते माझ्या क्वालिटीचा पार्ट दे, तो द्यायला मशीन लागतं, मशीनला कर्ज लागतं, कर्जाला तारण लागतं. काकांनी आजीच्या पाटल्या ठेवल्या होत्या. बंदर हवंच, पण या मधल्या पायऱ्या कुणीतरी बांधल्या पाहिजेत.

गाळा_नंबर_१४

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मनापासून लिहाल असं वाटलं नव्हतं. बेलापूरकर काका, तुमचं बाबांना वाचून दाखवलं, बारवीचं ऐकून ते म्हणाले "बरोबर बोलतोय माणूस", आणि मग बराच वेळ गप्प बसले.

हिशेबनीस, पैशांचं विचारलंत ना, तर तेच आमचं दुखणं आहे. एका मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्या पार्टीकडे आमचं पाच महिन्यांचं बिल अडकलंय. बाबा फोन करायला लाजतात, संबंध बिघडतील म्हणून. माणसांचा पगार मात्र सात तारखेला द्यावाच लागतो. आणि विजेचं म्हणाल तर भांडुप-मुलुंड मुंबईत असून महावितरणकडे, बिल आलं की भाऊ आधी ते उघडतो आणि मग दोन तास कुणाशी बोलत नाही.

हिशेबनीस

उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? मायक्रो किंवा स्मॉल म्हणून असेल तर समोरच्याला पैसे द्यायला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. त्याच्या पुढे गेले तर २०२३-२४ पासून आयकरात नियम आहे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)), समोरच्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच धरता येतो, म्हणजे मार्चअखेर त्याचाच टॅक्स वाढतो. प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापा. त्यांच्या मालकाला नाही, त्यांच्या अकाउंटंटला फोन करा, मार्चच्या आधी. भांडण करावं लागत नाही, अकाउंटंटला आपोआप समजतं.

गाळा_नंबर_१४

उद्यम आहे पण बिलावर नंबर टाकत नव्हतो, आजच टेम्प्लेट बदललं. अकाउंटंटला मीच फोन करणार आहे, बाबा नाही.

आणि रविवारच्या मीटिंगमध्ये मी एक मुद्दा मांडतेय, बघू किती जण साथ देतात. आमच्या इस्टेटमध्ये साठेक गाळे आहेत, सगळे वेगवेगळे विखुरण्याऐवजी निदान पंधरा-वीस जणांनी मिळून एकत्र जागा बघायची आणि तिथे वाळूजसारखं सामायिक टेस्टिंग करता येतं का ते विचारायचं. वाळूजची लेक ताई, तुमच्या काकांशी बोलता येईल का? बाबांना घेऊन एकदा तिकडे जाऊन यावं म्हणतेय, त्यांनी ते क्लस्टर स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय उंबरगावचा विषय डोक्यातून जाणार नाही.

वाळूजची_लेक

या की! काकांना आत्ताच सांगून ठेवते. शनिवारी बंद असतं का ते विचारून कळवते, आणि काकूच्या हातची येसर आमटी खाल्ल्याशिवाय निघायचं नाही.