वाचनालयाच्या रिकाम्या खोलीत पुस्तकांखेरीज काय ठेवावे?

प्रश्न : कार्यवाह, बीड जिल्हा

सर्वांना नमस्कार. आमचे वाचनालय 'ड' वर्गातील, म्हणजे शासकीय वर्गवारीतील सर्वांत लहान गटातले असून ग्रामपंचायतीने यंदा शेजारची एक खोली आम्हांला वापरायला दिली आहे. तिथे स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका काढावी, असे बहुतेक सभासदांचे म्हणणे आहे आणि ती गरज खरीच आहे. परंतु गावातील जी माणसे आजवर वाचनालयाची पायरी चढलेली नाहीत, त्यांच्या उपयोगाचेही तिथे काही असावे, असे मला मनापासून वाटते. हेलसिंकी येथे डिसेंबर 2018 मध्ये सुरू झालेल्या ऊडी ग्रंथालयात शिवणयंत्रे, थ्रीडी प्रिंटर, संगीताच्या खोल्या आणि स्वयंपाकघरसुद्धा आहे. डेन्मार्कमधील ऑर्हूसच्या ग्रंथालयात एक भली मोठी घंटा टांगली आहे. इस्पितळात बाळ जन्मले की आईवडील तिकडे कळ दाबतात आणि इकडे ती वाजते. तेवढा पैसा आपल्यापाशी नाही, पण आपल्या कोरडवाहू गावांत कोणती सोय खरोखर चालेल, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर : शेतकरी वाचक, परभणी

आपण बियाण्यांचे कपाट करावे, असे मी सुचवेन. अमेरिकेतील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत ही सोय आहे : सभासद पुस्तकासारखे बियाणे नेतो, पेरतो आणि पीक निघाल्यावर त्यातले थोडे परत आणून देतो. आपल्याकडेही अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली आणि 2020 सालच्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही.

मात्र कोणते बियाणे घ्यायचे, हे आधी पक्के ठरवावे लागेल. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच पीक देत नाही, म्हणून फक्त सरळ वाण ठेवावेत. मूग, उडीद, हरभरा, मेथी ही पिके मुख्यतः स्वपरागीत, म्हणजे स्वतःच्याच फुलातील परागाने फळणारी असल्याने त्यांचा वाण सहसा शुद्ध राहतो. भोपळा, दोडका, काकडी यांचे परागीभवन मधमाश्या करतात, त्यामुळे शेजारच्या वावरातील दुसऱ्या वाणाशी त्यांची भेसळ होते. तुरीतही मधमाश्यांमुळे काही प्रमाणात असे घडते, हे आपल्या भागात विशेष लक्षात ठेवायला हवे. परत आलेले प्रत्येक बी कपाटात ठेवण्यापूर्वी चांगले वाळवावे आणि पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून किती उगवतात, ते मोजावे. ही मोजणी शाळेतल्या मुलांकडून करून घ्यावी. त्यांना ती फार आवडेल. डबीवर वाणाचे नाव, देणाऱ्याचे नाव, शिवार आणि साल लिहिले की तीच आपली दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या नोंदीसारखी वही झाली. कायद्याची धास्ती बाळगू नये : शेतकऱ्याने आपल्या शेतातील बियाणे राखून ठेवणे, पेरणे आणि एकमेकांना देणे हा हक्क 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केलेला आहे.

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, लातूर

बियाण्यांची सूचना उत्तम आहे. तिला मी अवजारांची जोड देईन. कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या सार्वजनिक ग्रंथालयात 1979 पासून हत्यारे व अवजारे घरी नेता येतात. शिडी, पान्ह्यांचा संच, फवारणीचा पंप या वस्तू वर्षातून चार दिवसच लागतात. फक्त अनामत रक्कम घ्यावी, प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ सामानाच्या वहीत) चढवावी आणि फवारणीचा पंप धुऊनच परत घ्यावा. औषधाचा अंश असलेला पंप पुस्तकांच्या खोलीत कदापि ठेवू नये.

उत्तर : शिक्षिका, बीड जिल्हा

आपल्याच जिल्ह्यातील म्हणून थोडे निराळे लिहिते. दिवाळीच्या सुमारास आपल्या गावांतील कितीतरी कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, टोळ्या करून साखर कारखान्यांकडे निघून जातात आणि हंगाम संपेपर्यंत घरांना कुलूप असते. जी माणसे पायरी चढत नाहीत असे आपण म्हणता, त्यांतील बरीच त्या काळात गावातच नसतात, त्यामुळे खोलीत काहीही ठेवले तरी ते त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी ग्रंथालयाची चळवळ उभी केली, तेव्हा खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरत असत. तशीच एक पत्र्याची पेटी टोळीबरोबर का जाऊ नये? मुलांची चित्रपुस्तके, पाटी, खडू, रंग, सौरऊर्जेवर चालणारे दोन दिवे आणि मुली व स्त्रिया यांच्यासाठी सॅनिटरी पॅडची पाकिटे तीत असावीत. कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, सहसा वीज नसते, म्हणून दिवे अत्यावश्यक समजावेत. पेटी टोळीतल्या वाचू शकणाऱ्या एखाद्या मुलीच्या ताब्यात द्यावी, टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या नव्हे. माझ्या वर्गातील मुले उसाच्या फडावरून परततात, तेव्हा जोडाक्षरे विसरलेली असतात. हे दरवर्षी पाहून मला फार वाईट वाटते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : कार्यवाह, बीड जिल्हा

आपणा सर्वांचा ऋणी आहे. खोलीचा मोठा भाग अभ्यासिकेला आणि एक भिंत बियाण्यांच्या कपाटाला, असा ठराव मी कार्यकारी मंडळापुढे मांडणार आहे. अवजारांचा विचार पुढच्या वर्षी करू. पेटीची गोष्ट मात्र थांबवता येणार नाही, कारण आमच्या गावच्या टोळ्या आता महिन्याभरात निघतील. बाईंना विनंती अशी की, दुसरी ते पाचवीच्या मुलांना एकट्याने वाचता येतील अशा पुस्तकांची यादी त्यांनी येथेच द्यावी. पेटी मी पुढच्या बाजारच्या दिवशी विकत घेतो.