‘लेव्हल दोन’, ‘रिॲक्टिव्ह’ आणि अवधाण: मानेच्या सोनोग्राफीतले शब्द

प्रश्न (शाहूपुरी): मानेच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात अशी ओळ आहे: ‘डाव्या बाजूला लेव्हल दोनमध्ये काही रिॲक्टिव्ह लिम्फ नोड, सर्वांत मोठा १४ × ६ मिमी, फॅटी हायलम शाबूत.’ घरात याचे तीन अर्थ लागलेत. औषधाची रिॲक्शन, दुसरी स्टेज, आणि गावाकडून निरोप, ‘अवधाण असंल, बसंल.’ हे मराठीत नेमकं कसं सांगायचं?

उत्तर (राजारामपुरी): आधी ‘लेव्हल’ घेऊ, कारण सगळ्यांत जास्त घाबरवतो तो हाच शब्द. ही स्टेज नव्हे, जागा आहे. लेव्हल एक म्हणजे हनुवटी आणि जबड्याखालचा भाग. कानामागून छातीच्या हाडाकडे तिरका उतरणारा जाड स्नायू असतो, त्याच्या बाजूने वरून खाली दोन, तीन, चार. त्याच्या मागे पाच. समोर मधोमध, थायरॉईडभोवती सहा. आपल्याकडे ‘पेठ’ म्हणून सांगितलं की पटकन कळतं: मानेच्या सहा पेठा, आणि ही गाठ, म्हणजे लिम्फ नोड किंवा लसीका ग्रंथी, दुसऱ्या पेठेत, म्हणजे जबड्याच्या कोनाखाली. घसा आणि टॉन्सिलकडची लसीका इथेच उतरते, म्हणून घसा धरला की पहिली फुगते ती हीच.

‘रिॲक्टिव्ह’चा औषधाच्या रिॲक्शनशी संबंध नाही. जवळपास कुठेतरी संसर्ग किंवा सूज आहे आणि तिच्याशी झुंजताना गाठ वाढली आहे, एवढाच अर्थ. ‘प्रतिसादामुळे वाढलेली’ हे बरोबर, पण बोलताना ‘कामाला लागलेली गाठ’ जास्त समजतं.

उत्तर (गडहिंग्लज): मग गावाकडचा निरोप शब्दापुरता अगदी बरोबर आहे. पायात काटा मोडून पिकला की जांघेत, हाताला जखम झाली की काखेत जी दुखरी गाठ येते ती अवधाण. दुखणं एकीकडे आणि गाठ दुसरीकडे, हे त्या शब्दातच आहे. ‘रिॲक्टिव्ह नोड’ला इतका नेमका देशी शब्द असताना तो वापरायला हवा.

मात्र शेजारच्या शब्दांची सरमिसळ फार होते. गालगुंड म्हणजे कानाखालच्या लाळग्रंथीची विषाणूमुळे आलेली सूज. गलगंड म्हणजे वाढलेली थायरॉईड. ती घोट गिळताना वरखाली होते. गंडमाळ म्हणजे मानेत माळेसारख्या आलेल्या गाठी, बहुतेकदा क्षयाच्या. ‘घशाच्या गाठी’ म्हणतात ते टॉन्सिल, ते तोंडाच्या आत. ‘गाठ’ हा एकच शब्द या सगळ्यांना लागतो, म्हणून फोनवर ‘मानंला गाठ आलीया’ एवढंच कळवलं तर ऐकणारा हमखास सर्वांत वाईट अर्थ घेतो.

प्रश्न (शाहूपुरी): आणि १४ × ६? चौदा म्हणजे मोठी ना?

उत्तर (राजारामपुरी): इथे बहुतेकजण पहिला आकडा बघतात. बघायचा दुसरा. पहिला लांबीचा, दुसरा आखूड बाजूचा, आणि मानेत साधारण १० मिमीची मर्यादा लावतात ती आखूड बाजूला. त्यातही लेव्हल दोनची गाठ निरोगी माणसात जरा मोठीच असते. मग आकार. १४ भागिले ६ म्हणजे दुपटीपेक्षा जास्त, म्हणजे गाठ लांबट. हे चांगलं. उलट ९ × ८ ही एक सेंटिमीटरच्या आतली असूनही गोल आहे. तिच्याकडे नीट बघावं लागतं. (जबड्याखालच्या गाठी मुळातच गोलसर असतात, त्यांना हा नियम तितका लावू नये.) काही रिपोर्टांत माप सेंटिमीटरमध्ये असतं. १.४ आणि १४ एकच, हे जुना-नवा रिपोर्ट शेजारी ठेवताना विसरू नका.

‘फॅटी हायलम’साठी ओला पावटा हातात घ्या. शेंगेला चिकटलेला असतो त्या कडेला फिकट रेघ दिसते. वनस्पतिशास्त्रात बीजावरच्या त्या खुणेलाही हायलमच म्हणतात, मराठीत नाभी. लसीका ग्रंथीतही अशी जागा असते. तिथून रक्तवाहिन्या आत शिरतात, भोवती थोडी चरबी. पडद्यावर काळपट लांबट गाठ आणि आत पांढरी रेघ असं दिसतं. रेघ शाबूत म्हणजे आतली रचना मोडलेली नाही. गाठीची कड काळपट दिसतेच, त्यामुळे नुसत्या ‘हायपोएकोइक’ (काळपट दिसणारी) शब्दाने घाबरू नये. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, प्रवाह नाभीतून आत फाटे फुटत गेला तर ठीक. कडेकडेने शिरत असेल तर शंका.

प्रश्न (इचलकरंजी): दुसऱ्या एका रिपोर्टात ‘नो सिग्निफिकंट लिम्फॅडेनोपथी’ आहे. म्हणजे गाठी नाहीतच?

उत्तर (राजारामपुरी): नाही. ‘दखल घ्यावी अशी वाढ नाही’ असं वाचा. मानेत लसीका ग्रंथी तीनशेच्या आसपास असतात, त्यातल्या काही दिसणारच. ‘सबसेंटिमेट्रिक’ म्हणजे एक सेंटिमीटरच्या आतली. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांनी लक्षणं आणि हाताला लागणारी गाठ यांच्याशी हे पडताळावं. ही ओळ नेहमीचीच असते, पण तिचा अर्थ खरा आहे: रिपोर्ट निदान करत नाही.

अवधाण हा शब्द मला आवडला, पण सरसकट नको. गाठ गोल, नाभी गेलेली, आत बारीक कॅल्शियमचे ठिपके किंवा पाणी: थायरॉईडच्या कर्करोगाची शक्यता बघतात. ‘मॅटेड’, म्हणजे गाठी एकमेकींना चिकटून गठ्ठा झालेला, आणि मध्ये ‘नेक्रोसिस’, म्हणजे आतला भाग मरून विरघळलेला: आपल्याकडे आधी क्षय, म्हणजे खरी गंडमाळ. तंबाखू, मिश्री लावणाऱ्याला लेव्हल एक ते तीनमध्ये टणक, न दुखणारी गाठ आली तर आधी तोंड उघडून जीभ आणि गालाची आतली बाजू तपासून घ्यावी. आणि गळपट्टीच्या हाडावरची गाठ, कितीही लहान असो, अवधाण म्हणून सोडू नये. तिचं मूळ छातीत किंवा पोटात असू शकतं.

उत्तर (गडहिंग्लज): गाठीत सुई घालून नमुना घेतात त्या तपासणीबद्दलही लिहायला हवं. ‘सुई मारली की गाठ पसरती’ ही भीती घराघरांत आहे, आणि तिच्यामुळे महिने जातात. या गाठींसाठी ती निराधार आहे. सुई इंजेक्शनच्या सुईइतकीच बारीक असते. चूक होते ती दुसरीकडे. क्षयाची शंका असेल तर नमुन्याचा एक भाग सलाईनमध्ये जायला हवा. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, होत नाही. हे सुई घालण्यापूर्वीच विचारावं. दुसरं, ‘गाठ बसवायच्या’ गोळ्यांत स्टेरॉइड असेल तर लिम्फोमाची (लसीका ग्रंथींच्या कर्करोगाची) गाठ काही दिवस लहान होते आणि नमुन्यात तो लपू शकतो. तपासणीआधी अशा गोळ्या नकोत.

प्रश्न (शाहूपुरी): मग घरी असं लिहून पाठवतो, चालेल का? ‘डाव्या जबड्याखाली काही लांबट गाठी आहेत, आतली रचना शाबूत आहे, घशाच्या संसर्गामुळे वाढल्यात, बसतील.’

उत्तर (राजारामपुरी): ‘घशाच्या’ आणि ‘बसतील’ काढा, रिपोर्टात ते नाही. ‘जवळच्या संसर्गामुळे वाढलेल्या वाटतात, घसा, दात, डोक्याची त्वचा डॉक्टरांना दाखवायची, तीन-चार आठवड्यांत लहान झाल्या नाहीत, किंवा त्याआधी वाढल्या, रात्री ताप आला, वजन उतरलं तर परत जायचं’ असं लिहा.