‘घाशीराम’ पाहिलंच पाहिजे, हे कोणी ठरवलं?

तिसरी घंटा
काल इथे एकाने लिहिलं, “ज्याने ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर पाहिलं नाही त्याने मराठी नाटकावर बोलू नये.” वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितो.

१६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात जे उभं राहिलं ते एकट्या नाटककार विजय तेंडुलकरांचं नव्हतं. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य, मोहन आगाशेंचा नाना फडणवीस, आणि कसून घासलेला तरुणांचा संच. आज कुठलाही संच ‘घाशीराम’ लावतो तेव्हा यातली संहिता तेवढी तीच असते. बाकीचं जुन्या प्रयोगाची नक्कल असतं, नाहीतर त्याच्यापासून लांब पळण्याची धडपड. नक्कल करणारे नानाची चाल आगाशेंसारखी करतात आणि तिथेच पात्र मरतं. लांब पळणारे नेपथ्य उभारतात, वाड्याच्या कमानी आणतात, धूर सोडतात. ज्या नाटकात माणसंच वाडा होतात तिथे प्लायवूडचा वाडा कशाला हवा?

माझं म्हणणं साधं आहे. हे नाटक पाहून झालंय, त्यावर बोलून झालंय. सहाशे रुपये आणि एक संध्याकाळ एखाद्या नव्या संहितेला द्या. ‘घाशीराम’ घरी बसून वाचा.

कळसूत्री
घरी बसून वाचा? ‘घाशीराम’ वाचायला घेतलं तर हाताला काय लागतं? एकेका ओळीचे संवाद, “राधाकृष्ण हरी”चा गजर, पुन्हा दोन ओळी. सगळ्या मराठी नाटकांत हे एक असं आहे की जे वाचून अर्धंही कळत नाही.

माणसांच्या भिंतीचं उदाहरण घ्या. बारा बामण एका रांगेत. दोघांत अडीच फूट धरलं तर तीस फूट लागतात, म्हणजे रंगमंच एका विंगेपासून दुसरीपर्यंत भरला. ही रांग डोलते. तोंड प्रेक्षकांकडे असतं तेव्हा ती पुण्याची वस्ती असते. पाठ केली की पडदा होतो आणि पलीकडे चाललेलं तुम्हाला दिसत नाही. ते दडवणारी माणसंच असतात. नाटकाचा सगळा अर्थ त्या पाठींत आहे, आणि तो कागदावर छापता येत नाही.

आता ती भिंत कशी बिघडते ते सांगतो, कारण बहुतेक नव्या संचांत ती बिघडलेलीच असते. डोलताना वजन टाचेवर गेलं की माणूस खांद्यातून हलतो आणि रांग बाहुल्यांसारखी दिसते. वजन चवड्यांवर, गुडघे किंचित सैल, झोका कमरेखालून यायला हवा. लय टोकाच्या माणसाने धरायची नसते, मधल्या दोघांनी धरायची असते, कारण दोन्ही टोकांना ऐकू येणारे तेवढेच. उंच माणसं शेजारी शेजारी उभी केली तर भिंतीला टेंगूळ येतं. आणि वळताना सगळे पायाकडे बघायला लागले की समजायचं, तालीम कमी पडली.

हे नीट जमलेला प्रयोग लागला असेल तर तो सोडू नये. नवं नाटकही बघा, कोणी अडवलंय?

दप्तरदार
भिंतीचं कौतुक झालं असेल तर त्या भिंतीपुढे काय दाखवतात ते बोलू. घाशीराम कनोजचा दाखवलाय, होता औरंगाबादकडचा. मुलगी नानाला देऊन कोतवाली मिळवली ही आख्यायिका आहे. १७९१ मध्ये द्रविड ब्राह्मण कोंडून गुदमरून मेले आणि लोकांनी घाशीरामला दगडांनी मारलं, एवढं खरं. १८६३ मध्ये मोरोबा कान्होबांनी घाशीरामावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून दंतकथा आणि दाखले यांची खिचडी चालू आहे. पानिपतानंतर मोडकळीला आलेला कारभार सावरणारा मुत्सद्दी नाना पिढ्यान्‌पिढ्या फक्त बाईलवेडा म्हणून लक्षात राहिला, याला हे नाटक जबाबदार आहे. हा आक्षेप १९७२ लाही होता. पीडीएने, म्हणजे ते बसवणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने, एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबवलं, ते उगाच नव्हे.

कळसूत्री
तेंडुलकरांनी स्वतः सांगितलं होतं की हे ऐतिहासिक नाटक नाही. सत्ता आपल्या सोयीसाठी एक घाशीराम कसा तयार करते आणि काम संपलं की त्याला कसा गर्दीपुढे टाकते, हा विषय आहे. आणि थांबवलं म्हणून ते संपलं नाही. त्याच मुलांनी १९७३ मध्ये थिएटर अकादमी काढली, १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभं केलं आणि १९८० मध्ये ते युरोपात नेलं.

दप्तरदार
मग नाव नाना फडणवीस कशाला? काल्पनिक नाव द्यायचं होतं. खऱ्या माणसाचं नाव वापरायचं आणि जाब विचारला की रूपक म्हणायचं, हे मला मान्य नाही, आणि होणारही नाही.

मायकवाला
इतिहास बाजूला ठेवा. आज ‘घाशीराम’ला मारतो तो माइक, आणि त्यावर कोणी बोलत नाही.

हल्ली भिंतीतल्या बाराही जणांच्या गालाला माइक चिकटवतात. उघडे माइक दुप्पट झाले की स्पीकरमधून शिट्टी यायच्या आधीची मोकळीक तीन डेसिबलने घटते. एकावरून बारावर गेलात की जवळजवळ अकरा गेले. मग शिट्टी येऊ नये म्हणून ध्वनिवाला सगळ्यांचा आवाज खाली ओढतो आणि वरचा पट्टा कापतो. गजरातला ‘ह’ आणि ‘स’ गेला, उरला घुमा आवाज. त्यात उघड्या अंगाला आणि चकोट डोक्याला वायर लपवायला जागा नाही. घामाने पट्टी सुटते, माइक गालावरून हनुवटीखाली येतो आणि बारांतला एकच माणूस लांब गेल्यासारखा वाटतो.

यावर उपाय जुनाच आहे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीवर ठेवायचे चपटे माइक, फक्त तीन. भिंत माइकपासून पाच फूट मागे असेल तर दोन माइकमधलं अंतर निदान पंधरा फूट ठेवायचं, म्हणजे एकच आवाज दोन ठिकाणी शिरून पोकळ होत नाही. शंभर हर्ट्‌झखालचं कापायचं. फळ्यांचा घुमारा जातो, पायाची थाप राहते. सूत्रधार, नाना आणि घाशीराम यांनाच अंगावर माइक द्यायचे. आठशे खुर्च्यांच्या नाट्यगृहालाही एवढं पुरतं.

तिसरी घंटा
तीन कशाला, एकही नको. बारा माणसं एकत्र गातात आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नसतील तर त्यांनी आधी आवाज कमवावा. संगीत नाटकवाले एकट्याने गाऊन अख्खं नाट्यगृह भरायचे.

मायकवाला
त्या काळच्या नाट्यगृहांत डोक्यावर एसीचा गोंगाट नव्हता. आजच्या कित्येक सभागृहांत पंख्याचा आणि वाऱ्याचा आवाज इतका असतो की कुजबुज चौथ्या रांगेतच विरते. आणि ‘घाशीराम’मध्ये कुजबुज फार महत्त्वाची आहे. गजर चढतो आणि अचानक हळू होतो, तिथे अंगावर काटा यायला हवा. एसी बंद करून दाखवा, मी तीनही माइक उचलतो.

तिसरी घंटा
नट आवाज कमवत नाहीत याचं खापर एसीवर फोडू नका. तालमीच्या पहिल्या दिवसापासून गालाला माइक लावून बोलणारी पिढी तयार झालीय. श्वास पोटातून घ्यायचा असतो, हे त्यांना कोणी शिकवलेलंच नाही.

पिटातली
माइकवर भांडताय, पण त्याहून वाईट गोष्ट ट्रॅकची आहे. वादकांचा खर्च वाचवायला मृदंग, झांजा, हार्मोनियम सगळं आधीच ध्वनिमुद्रित करून वाजवतात. या नाटकाला ते चालतच नाही. बावनखणीचा, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीचा प्रसंग घ्या. कीर्तन चालू असतं आणि बघता बघता त्याची लावणी होते. तेच बामण, तेच टाळ, फक्त ठेका पालटतो आणि कमरेत लचक येते. हा सांधा प्रेक्षक त्या दिवशी किती तापलाय त्यावर ठरतो. मृदंगवाला एक आवर्तन जास्त वाजवतो, सूत्रधाराची नजर मिळाली की सोडतो. ट्रॅकवर ते आवर्तन मोजून ठेवलेलं असतं. टाळ्या चालू असतानाच लावणी सुरू होते आणि पहिली ओळ वाया जाते.

शिवाय ट्रॅक एका बाजूच्या स्पीकरमधून येत असेल तर तीस फूट पलीकडच्या माणसाला तो सत्तावीस मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. तो तेवढाच मागे गातो आणि भिंतीचं एक टोक कायम घसरत राहतं. लोक म्हणतात मुलं कच्ची आहेत. मुलं पक्की असतात, त्यांना ऐकायलाच उशिरा येतं.

पैशाचं दुखणं मलाही कळतं. भिंतीतले बारा, नाना, घाशीराम, सूत्रधार, घाशीरामची मुलगी गौरी, कलावंतीण गुलाबी, चार-पाच वादक, तंत्रज्ञ असं धरलं तर तीस माणसांचा संच होतो. पाच पात्रांच्या नाटकाचं भाडं भरणाऱ्याला हे परवडत नाही. पण मग भिंत आठची करा, वादक ठेवा. आठांची जिवंत भिंत बारांच्या ट्रॅकवरच्या भिंतीपेक्षा कितीतरी भारी.

कळसूत्री
आठ? आठांत मध्ये फटी पडतात. मागचं सगळं दिसणार आणि पडदा राहणारच नाही.

पिटातली
रंगमंच दोन्ही विंगांनी आत ओढून वीस फुटांचा करायचा. अडीच फुटांनी आठ माणसं नेमकी भरतात.

कळसूत्री
…बरं. वीस फुटांत जमेल. मला आवडणार नाही, पण जमेल.

दप्तरदार
एक गोष्ट मान्य करतो, आणि एकच. शेवटी लोक घाशीरामला मारतात आणि मग नाना उत्सव करायला सांगतो. तो प्रसंग खोटा वाटत नाही. नानाच्या नावाबद्दलचा माझा आक्षेप जसाच्या तसा आहे.

तिसरी घंटा
“पाहिलं नाही त्याने बोलू नये” हे वाक्य मला आजही चुकीचंच वाटतं. पण घरी बसून वाचा म्हणालो ते मागे घेतो, कळसूत्रींचं तिथे बरोबर आहे. ज्यांना जायचंच आहे त्यांनी तिकीट काढण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात. वादक समोर बसतात का, आणि भिंतीतल्या माणसांच्या गालाला माइक आहेत का. पहिल्याला ‘नाही’ किंवा दुसऱ्याला ‘हो’ आलं तर पैसे नव्या संहितेला द्या, हा माझा सल्ला कायम.

मायकवाला
आणि जमिनीवरचे तीन माइक असतील तर?

तिसरी घंटा
तर जा.

पिटातली
जाणार असाल तर पहिल्या पाच रांगांची महागडी तिकिटं घेऊ नका. तिथून भिंतीचे पाय आणि मागून होणाऱ्या हालचाली दिसत नाहीत. बाल्कनीची पहिली रांग, मधल्या खुर्च्या. तिथून रांग वळताना सगळी एकदम दिसते.